फॉलआउट घ्यायचंय, पण कुठलं?

२०२४ च्या एप्रिलमध्ये प्राइम व्हिडिओवर फॉलआउट या व्हिडिओ गेमवरची मालिका आली आणि तेव्हापासून आमच्या गेमच्या दुकानात काउंटरवर एक प्रश्न सतत येतो: ‘सुरुवात कुठून करू?’ पुष्कळांचा समज असा, की एक, दोन, तीन अशा क्रमानेच खेळायला हवं. तशी काही गरज नाही. प्रत्येक गेमचा नायक वेगळा, प्रदेश वेगळा, साल वेगळं. खोक्यावरचा आकडा बघण्यापेक्षा तुम्हाला खेळात काय आवडतं आणि घरी कुठलं मशीन आहे, एवढं बघा. गर्दीच्या वेळी प्रत्येकाला नीट समजावून सांगणं जमत नाही, म्हणून हे छापून ठेवलंय.

सगळ्या गेमच्या मागची गोष्ट एकच आहे. २३ ऑक्टोबर २०७७ ला अमेरिका आणि चीन यांच्यात अणुयुद्ध होतं आणि साधारण दोन तासांत जग संपतं. दुसऱ्या महायुद्धानंतर या जगाने आपल्यापेक्षा वेगळी वाट धरलेली असते. त्यामुळे मोटारी अणुशक्तीवर चालतात, घरात रोबो असतात, पण टीव्ही, फ्रीज, जाहिराती आणि रेडिओवरची गाणी मात्र १९५० च्या आसपासच्या अमेरिकेतली वाटतात. व्हॉल्ट-टेक नावाच्या कंपनीने जमिनीखाली बांधलेल्या ‘व्हॉल्ट’मध्ये काही लोक वाचतात. व्यवहार चालतो बाटलीच्या बुचांवर, मनगटावर पिप-बॉय नावाचा छोटा संगणक असतो, आणि पाणी प्यायलं तरी अंगात थोडं रेडिएशन जातं. खेळाच्या सुरुवातीला ताकद, नजर, चिवटपणा, छाप, बुद्धी, चपळाई आणि नशीब या सात गुणांवर ठरावीक पॉइंट वाटून तुमचं पात्र तयार करायचं. इथपर्यंत जवळपास सगळे गेम सारखे. फरक पुढे सुरू होतो.

जुने दोन

पहिला फॉलआउट १९९७ चा, इंटरप्ले कंपनीचा. दुसरा १९९८ चा, इंटरप्लेच्याच ब्लॅक आइल या विभागाचा. दोन्ही वरून तिरकं दिसणारे, आळीपाळीने चाल करायचे गेम. पहिल्यात व्हॉल्ट १३ ची पाण्याची चिप बिघडते आणि ती शोधायला १५० दिवस मिळतात. दुसऱ्यात बुद्धीचा आकडा अगदी खाली ठेवलात तर तुमच्या पात्राला धड बोलताही येत नाही आणि समोरचे तुम्हाला तसंच वागवतात. ही गंमत पुढच्या गेममध्ये इतक्या ठसठशीतपणे राहिली नाही. पण आजच्या खेळाडूला मेनू किचकट वाटतील आणि पहिले काही तास उंदीर-विंचू मारण्यात जातील. स्टीम किंवा जीओजी या ऑनलाइन दुकानांत स्वस्तात मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात. पहिला गेम म्हणून आम्ही कुणाला सुचवत नाही. फॉलआउट अंगात भिनला की तुम्ही स्वतःच शोधत याल.

तीन, वेगस आणि चार: एकच कसोटी

खरी निवड या तिघांत आहे. फॉलआउट ३ (२००८) आणि फॉलआउट ४ (२०१५) हे बेथेस्डाचे. मधला न्यू वेगस (२०१०) ऑब्सिडियनने बनवला, आणि तिथे जुन्या ब्लॅक आइलची बरीच मंडळी होती. ब्लॅक आइलचा स्वतःचा तिसरा फॉलआउट २००३ मध्ये अर्ध्यावर बंद पडला होता. त्यातलं हूवर धरण आणि सीझरची फौज न्यू वेगसमध्ये वापरली गेली.

तिन्हीत वरवर तेच दिसतं: पात्राच्या डोळ्यांतून दिसणारी बंदूक, व्हॅट्स ही नेम धरायची सोय लावून शत्रूच्या डोक्याला की पायाला गोळी मारायची ते ठरवणं, मोकळा नकाशा. मग फरक ओळखायचा कसा? आमची कसोटी सोपी आहे. एखाद्या पात्राशी बोलायला उभे राहा आणि त्याचं मन वळवायचा प्रयत्न करा.

फॉलआउट ३ मध्ये उत्तराशेजारी टक्केवारी दिसते, समजा ४५ टक्के शक्यता. नशिबाने जमलं तर जमलं, नाहीतर जुना सेव्ह उघडून परत तेच बोलायचं. बहुतेक जण हेच करतात आणि मग त्या कौशल्याला फारसा अर्थ उरत नाही. न्यू वेगसमध्ये थेट आकडा लागतो. बोलण्याचं कौशल्य ५० हवं आणि तुमचं ४० असेल तर काम होणार नाही, कितीही वेळा सेव्ह उघडा. शिवाय फक्त गोड बोलणंच चालतं असं नाही: डॉक्टरी येत असेल तर रुग्णाबद्दल, स्फोटकं कळत असतील तर सुरुंगाबद्दल, सौदेबाजी येत असेल तर पैशाबद्दल वेगळी वाक्यं उघडतात. कौशल्य कमी पडत असताना ते वाक्य निवडलंत तर तुमचं पात्र काहीतरी बावळटासारखं बोलतं, आणि ते वाचण्यासाठी मुद्दाम चुकावंसं वाटतं. फॉलआउट ४ मध्ये कौशल्यांचे आकडेच काढून टाकले. नायकाला आवाज दिला, प्रत्येक वेळी चारच पर्याय, तेही दोन-तीन शब्दांत. तुम्ही ‘उपरोध’ निवडता आणि तो नेमकं काय बोलणार ते तो बोलल्यावरच कळतं.

म्हणून ज्यांना भूमिका जगायची आहे, निर्णय घ्यायचे आहेत आणि त्यांचे परिणाम भोगायचे आहेत, त्यांनी न्यू वेगस घ्यावा. आमच्या मते मालिकेत याच्या तोडीचा दुसरा नाही.

त्यात तुम्ही व्हॉल्टमधून येत नाही. तुम्ही साधे कुरिअर. २२८१ साल, मोहावी वाळवंट. पार्सल पळवून तुमच्या डोक्यात गोळी घातलेली असते आणि गुडस्प्रिंग्ज नावाच्या खेड्यातला डॉक्टर तुम्हाला वाचवतो. वेगसचे दिवे उत्तरेला दिसत असतात. सरळ तिकडे निघालात तर वाटेत डेथक्लॉ आणि विषारी कॅझाडोर फाडून खातात. गेम तसं कुठे लिहून सांगत नाही, गावातले लोक सांगतात. मग मुकाट्याने दक्षिणेकडून वळसा घालायचा: प्रिम, निप्टन, नोव्हॅक. या वळशातच तुम्हाला न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिकचे थकलेले सैनिक भेटतात, सीझरच्या फौजेने निप्टनमध्ये काय केलं ते दिसतं, आणि नोव्हॅकच्या डायनोसॉरच्या तोंडात रात्री पहारा देणारा बून भेटतो. वेगसला पोचेपर्यंत कुणाच्या बाजूने उभं राहायचं याबद्दल तुमचं मत बनलेलं असतं. मग वेगसवर सत्ता चालवणारा मिस्टर हाउस समोर येतो आणि ते मत पुन्हा डळमळतं. हूवर धरण कुणाच्या हाती जाणार, ते शेवटी तुमच्यावर आहे.

हार्डकोअर मोड लावलात तर तहान, भूक, झोप सगळं सांभाळावं लागतं आणि गोळ्यांनाही वजन येतं. दुसऱ्यांदा खेळताना नक्की लावा. दोष सांगायचे तर बंदुकीचा झटका कच्चा वाटतो, चेहरे लाकडी आहेत, आणि साधारण दीड वर्षात बनवलेला गेम असल्यामुळे सुरुवातीला तो फार बंद पडायचा. आजही पीसीवर, गेमला ४ जीबी मेमरी वापरू देणारा चाहत्यांनी बनवलेला पॅच टाकल्याशिवाय तो खेळा असं आम्ही सांगत नाही. शेवटची लढाई झाली की गेम संपतो, त्यानंतर भटकता येत नाही. त्याआधी वेगळा सेव्ह करून ठेवा.

फॉलआउट ३ ची ताकद भटकण्यात आहे. वॉशिंग्टन शहराचे अवशेष, ढिगाऱ्यांनी बंद झालेले रस्ते, म्हणून मेट्रोच्या बोगद्यांतून वाट काढायची. अंधार, हिरवट रंग, एकटेपणा. व्हॉल्ट १०१ मधून गायब झालेल्या वडिलांचा शोध हे कथानक साधंच आहे आणि भलं-बुरं यांत मधली वाट कमी. मेगाटन गावाच्या मध्यावर न फुटलेला बॉम्ब पडलाय, तो निकामी करा नाहीतर गावासकट उडवा! पण नकाशाच्या कोपऱ्यातली एखादी पडकी शाळा, तिथल्या संगणकावरच्या नोंदी आणि बिछान्यातला सांगाडा यांतून अख्खी गोष्ट उलगडते, हे बेथेस्डाला फार छान जमतं. घेताना ब्रोकन स्टील हे डीएलसी, म्हणजे नंतर आलेला जादा भाग, असलेलाच घ्या. त्याशिवाय मुख्य कथा संपली की गेम थांबतो आणि लेव्हल २० च्या पुढे जात नाही.

याची एक्सबॉक्स ३६० ची भारतीय आवृत्ती आहे का, असं अधूनमधून विचारलं जातं. नाही. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन तो इथे आणला नाही. नेमकं काय खटकलं ते सांगितलं नव्हतं, पण गेममधल्या दोन तोंडांच्या गाईंना ‘ब्राह्मिन’ म्हणतात, त्यामुळेच असणार असं तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं. इथे दिसणाऱ्या ३६० च्या डिस्क बाहेरून आलेल्या असतात. दुकानात चालवून बघूनच घ्या.

फॉलआउट ४ हा हाताला सर्वांत सोपा. नेमबाजी आजच्या शूटर गेमसारखी, रंग उजळ, बॉस्टन शहर गजबजलेलं. पॉवर आर्मर पहिल्या काही तासांतच मिळतं, आणि ते कपड्यासारखं चढवायचं नसून यंत्रासारखं आत शिरून चालवायचं असतं. त्याची खरी चटक मात्र भंगारात आहे. पडक्या ऑफिसातले पंखे, टाइपरायटर, गोंदाच्या बाटल्या उचलून आणायच्या, त्यांतून बंदुका सुधारायच्या आणि वस्त्या उभारायच्या: भिंती, विहिरी, वीज, मक्याची शेतं. काही ग्राहक मुलाला शोधण्याचं मुख्य काम विसरून महिनोन् महिने घरंच बांधत बसलेत, आणि ते आनंदात आहेत. ज्यांना यात रस नाही त्यांना प्रेस्टन गार्वी दर वेळी नवी वस्ती वाचवायला पाठवतो तेव्हा वैताग येईल. मालिका बघून पहिल्यांदाच कंट्रोलर हातात घेणाऱ्याला आम्ही हाच देतो, आणि तो संपला की न्यू वेगस. उलट क्रमाने गेलात तर चारमधले संवाद फार पातळ वाटतील. मालिकेचा दुसरा सीझन वेगसकडे वळतो, तोही मुहूर्त साधेल.

फॉलआउट ७६

२०१८ चा, पूर्ण ऑनलाइन, वेस्ट व्हर्जिनियात. काळाच्या हिशोबाने सर्वांत आधीचा, २१०२ चा. आला तेव्हा त्यात बोलायला एकही माणूस नव्हता, फक्त रोबो आणि ध्वनिफिती. २०२० च्या वेस्टलँडर्स अपडेटने माणसं आली आणि गेम सावरला. दोन-तीन मित्र मिळून खेळणार असाल तर मजा आहे. एकट्यासाठी नको. डिस्क स्वस्त दिसते, पण कन्सोलवर प्लेस्टेशनची पीएस प्लस किंवा एक्सबॉक्सची वर्गणी वेगळी लागते, तो खर्च धरून हिशोब करा.

मशीन सांगा, मग डिस्क मागा

सर्वाधिक घोळ इथे होतो. फॉलआउट ३ आणि न्यू वेगसच्या पीएस ३ च्या डिस्क पीएस ४ वर किंवा पीएस ५ वर चालत नाहीत. एक्सबॉक्स ३६० च्या डिस्क मात्र एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्सवर चालतात, फक्त पहिल्यांदा इंटरनेट लागतं. सिरीज एसला डिस्कची खाचच नाही. जुन्या ३६० वरच खेळणार असाल तर न्यू वेगसची अल्टिमेट किंवा तीनची गेम ऑफ द इयर आवृत्ती घ्या, कारण ३६० चं ऑनलाइन स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं आणि डीएलसी आता तिथून विकत घेता येत नाहीत. फॉलआउट ४ च्या पीएस ४ डिस्क पीएस ५ वर चालतात, अर्थात डिस्क ड्राइव्ह असलेल्या.

न्यू वेगस आणि चारच्या पीसी डिस्क आम्ही सेकंडहँड घेत नाही आणि विकतही नाही. त्यांचा नोंदणीचा कोड एकदा स्टीम खात्याला जोडला गेला की दुसऱ्याला उपयोग नसतो. कुणी फुटकळ भावात देत असेल तर घेऊ नका. फॉलआउट ४ मध्ये मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेले बदल, टाकायचे असतील तर पीसी उत्तम, मग एक्सबॉक्स. प्लेस्टेशनवर बाहेरून बनवलेली चित्रं-मॉडेल चालत नाहीत, त्यामुळे तिथे मॉड फार मर्यादित आहेत.

पालकांसाठी: फॉलआउटचा हसरा, अंगठा दाखवणारा कार्टून मुलगा बघून हा लहानांचा गेम समजू नका. तीन, वेगस, चार, ७६, सगळ्यांवर १८ चा शिक्का आहे आणि तो योग्य आहे. हातपाय तुटणं, नशा, वेगसमध्ये जुगार. शाळकरी मुलगा हट्टच धरत असेल तर फोनवर फॉलआउट शेल्टर फुकट मिळतो, त्यात जमिनीखालचा व्हॉल्ट सांभाळायचा असतो. फोनमधली खरेदी आधी बंद करून द्या.

येताना कन्सोलच्या मागे लिहिलेल्या मॉडेल नंबरचा फोटो आणा. सेकंडहँड डिस्क दुकानात लावून दाखवतो आणि घरी चालली नाही तर आठ दिवसांत बदलून देतो. बिल जपून ठेवा.