रूम टेम्परेचर, पण कुणाच्या घरातलं?

रेड वाईन ‘रूम टेम्परेचर’ला प्यायची असते, हे पुण्यात वाईन घेणाऱ्या प्रत्येकाने कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. हा नियम फ्रान्समधला आहे. तळघरातली बाटली जेवणाच्या आधी वर आणून खोलीत ठेवायची, याला तिथे ‘शांब्रे’ म्हणतात. शांब्र म्हणजे खोली. तळघर साधारण 12 अंशांचं, आणि सेंट्रल हीटिंग येण्याआधीच्या दगडी घरातली खोली फार तर 16 ते 18 अंशांची. एप्रिलमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी सातलासुद्धा 32 अंश असतात. तिथे हाच नियम पाळला की वाईनमधलं अल्कोहोल आधी नाकात शिरतं आणि फळाचा वास मागे राहतो.

हलक्या रेड वाईनला तर हा नियम तसा लागूच नव्हता. 1395 मध्ये फ्रान्समधल्या बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने गमे जातीच्या द्राक्षवेली उपटून टाकायचा हुकूम काढला, कारण त्याला पिनो न्वार ही जात हवी होती. गमे टिकली ती दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर. तिची हलकी वाईन जवळच्या ल्यों शहरात 46 सेंटिलिटरच्या जाड बुडाच्या बाटल्यांतून ताजी आणि गारच प्यायली जायची. बोजोलेत अख्खे घड न चिरडता टाकीत भरतात. कार्बन डायऑक्साइडमध्ये द्राक्षाच्या आतच आंबणं सुरू होतं. त्यामुळे सालीचा रंग वाईनमध्ये येतो, पण सालीचा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, कमी येतो. गारव्यात तुरटपणा जास्त जाणवतो, म्हणून जड रेड फार थंड केली की कडवट लागते. हलकीला ती भीती नाही. 12 ते 14 अंशांना ती खुलते.

आपल्याकडे द्राक्षासव पिढ्यान्‌पिढ्या औषध म्हणून घेतलं गेलं, धायटीची फुलं घालून आंबवलेलं. जेवणासोबतची वाईन मात्र पुणे जिल्ह्यात रुजली ती 1980 च्या दशकात, शामराव चौगुले यांनी नारायणगावला वायनरी उभारली तेव्हा. पुढे 1997 मध्ये मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं आणि 2001 मध्ये राज्याने वाईन उद्योगासाठी धोरण आणलं. पण मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती थंड पाणी खेळवणारी स्टीलची टाकी. आपली वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, अशा दोन छाटण्यांवर ती चालते, आणि वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. म्हणजे युरोपात नवी वाईन थंडीत तयार होते, आपली मात्र ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. टाक्या गार ठेवता आल्या म्हणूनच हे जमलं.

वायनरीत एवढं जपलेलं आपण घरी आणून फ्रिजच्या डोक्यावर ठेवतो. मीही एक बाटली मार्च ते जून माळ्यावर ठेवली होती. काढली तेव्हा बूच दोन मिलिमीटर वर आलेलं, कागदी लेबलवर तपकिरी ओघळ, आणि चव उकळलेल्या मनुकांच्या पाण्यासारखी. तळघर नसलेल्या फ्लॅटमध्ये जमिनीलगतचं, आतल्या भिंतीचं कपाट बरं. बुचाची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाला त्याची गरज नाही. मे महिन्यात सरळ फ्रिजच्या दारात ठेवावी. हलकी रेड साठवायची वस्तूही नाही, दोन-तीन वर्षांत संपवावी.

वाढताना बर्फ-पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटं पुरतात. नुसता बर्फ नको, पाणी हवंच; बाटलीला चहूबाजूंनी तेच भिडतं. ग्लास तिसरा हिस्साच भरायचा आणि दांड्याला धरायचा. पहिला घोट थोडा जास्तच गार, गप्प वाटेल. दहा मिनिटांनी, पानात मसालेभात आणि भरली वांगी येईपर्यंत, चेरीचा आणि लाल जांभाचा वास वर येतो. उरलेली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन दिवस नीट राहते.