इसबगोल घेतला, पण जिवाणूंच्या जेवणाचं काय?

इंदूरला रामबागेत राहणारी माझी आत्या रोज रात्री पेलाभर पाण्यात चमचाभर इसबगोल घेते. प्यायला जरा उशीर झाला की पाणी बुळबुळीत, दाट होतं. घोट गिळून ती म्हणते, "झालं आजचं फायबर!" हे ऐकलं की मला राहवत नाही.

इसबगोल आपल्याच माळव्याचा, नीमच-मंदसौरच्या मंडयांत पोत्यांनी येणारा. बीवरचं पातळ टरफल म्हणजे ही भुशी. ती स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते, म्हणून शौच मऊ होतं. तिच्या चिकट लगद्यात पित्ताम्लं, म्हणजे पित्तातली आम्लं, अडकून शरीराबाहेर जातात. ती भरून काढायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं आणि एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं. भुशी कोरडी मात्र कधीच तोंडात टाकू नये, घशात फुगून अडकते.

पण हीच भुशी मोठ्या आतड्यात फारशी आंबत नाही, आणि माझं म्हणणं आहे ते इथेच. डाळी, ज्वारी, भाज्या, फळं यांतले बरेचसे तंतू, म्हणजे फायबर, पचवणारी विकरं (एन्झाइम) माणसाकडे नाहीत, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे आहेत. ते तंतू आंबवतात तेव्हा ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा या ब्युटिरेटमधूनच मिळवतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसाचे जिवाणू पोटात असलेल्या उंदरांचं फायबर बंद केलं, तर जिवाणू आतड्यावरचा श्लेष्माचा थरच खाऊ लागले. रोग अडवणारा तो थर पातळ झाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, तरी हे वाचल्यापासून मी ताटाकडे वेगळ्या नजरेने बघते.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम फायबर सांगते, तेही अन्नातून. आत्याच्या चमच्यात फार तर चार-पाच ग्रॅम. सकाळच्या पोह्यांत ते थोडंच. वर शेव असते, पण बेसन चणाडाळीचं, म्हणजे साल आधीच गेलेली. 100 ग्रॅम सबंध हरभऱ्यात सुमारे 25 ग्रॅम फायबर असतं, डाळीत सुमारे 15. सोयाबीन येण्याआधी माळव्यात खरिपाला ज्वारी असायची, घरोघरी भाकरी व्हायची. ती ताटातून गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

आत्याने इसबगोल सोडलेला नाही, सोडूही नये. पण आता रात्री ती मूठभर हरभरे भिजत घालते. पहिल्या आठवड्यात पोट फुगलं, तेव्हा वैतागून तिचा फोन आला. जिवाणू आंबवायला लागले की वायू होणारच. मी म्हटलं, "आत्या, आधी अर्धीच मूठ घे, पाणी वाढव, पंधरा दिवसांनी पुरी मूठ कर." परवा गेले तेव्हा पोह्यांवर शेवेबरोबर उकडलेले हरभरेही होते.