मोटारीचा वेल्डिंग केलेला एक्झॉस्ट : काढणी व दुरुस्ती

इंजिनातला जळका वायू गाडीच्या मागच्या टोकापर्यंत नेणाऱ्या नळ्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी वायूंचे रूपांतर करणारा भाग) व सायलेन्सर यांतले जे भाग नटबोल्टांऐवजी वेल्डिंगने जोडलेले असतात, ते कापून काढणे आणि दुरुस्त करून पुन्हा बसवणे. बोलण्यात या सगळ्या मार्गालाच, म्हणजे एक्झॉस्टलाच, ‘सायलेन्सर’ म्हणतात. त्यामुळे ‘सायलेन्सर फुटला’ असे गिऱ्हाइकाने सांगितले, तरी प्रत्यक्षात पुढची नळी फुटलेली असू शकते. म्हणून चांगला मेस्त्री आधी गाडीखाली शिरतो, भाव नंतर सांगतो.

पुष्कळ गाड्यांत कन्व्हर्टरच्या मागची नळी आणि मागचा डबा (म्हणजे खरा सायलेन्सर) कारखान्यातूनच एकसंध येतात. नळी मागच्या अ‍ॅक्सलवरून वळण घेऊन जात असेल, तर ती अखंड बाहेर काढता येत नाही आणि कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

गोव्यात हे काम वारंवार निघते, कारण इथे नळीला गंज दोन्ही बाजूंनी खातो. बाहेरून समुद्राची खारी हवा आणि सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. त्यात जांभ्याची लाल माती डब्याच्या वरच्या अंगाला चिकटून दिवसेंदिवस ओली राहते. आतला शत्रू मात्र फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने नळीतून जाते. फोंड्याहून बेळगाव गाठले तर डबा पुरता तापतो आणि ते पाणी बाहेर पडते. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या असल्या तर डबा कोमट राहतो आणि किंचित आम्लधर्मी झालेले पाणी तळाशी साचते. ते निथळावे म्हणून बऱ्याच डब्यांना तळाशी बारीक छिद्र ठेवलेले असते. गंजाचे भोक समजून काही जण तेही वेल्डिंगने बुजवून घेतात. मग डबा आतून लवकर सडतो.

गंजाची सुरुवात बहुधा वेल्डच्या शेजारून होते. वेल्ड स्वतः जाड आणि शाबूत दिसतो, पण त्याच्या लगतची बोटभर पट्टी तपकिरी पापुद्र्यांची झालेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा जळालेला असतो, आणि स्टेनलेस नळी असेल तर तिचा संरक्षक थर दुबळा झालेला असतो. इथे डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवावा. लहान हातोडीने ठोकत गेल्यावर चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. जिथे आवाज बदलतो त्याच्या पुढे, खणखणीत पत्र्यात काप घ्यायचा. दुरुस्ती टिकणार की नाही हे या जागेवर ठरते. सडलेल्या पत्र्यावर ठिगळ लावू गेल्यास वेल्डिंगची आच लागताच भोक मोठे होते, आणि कसेबसे लागलेले ठिगळ त्याच पावसाळ्यात सुटते.

कामाआधी एक्झॉस्ट पूर्ण निवू द्यावा. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) घ्यावी आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. कापण्यापूर्वी सांध्याच्या दोन्ही बाजूंवरून जाणारी एक सरळ खूण छिन्नीने कोरून ठेवली, तर जोडताना नळी फिरत नाही. खडूची खूण पुसली जाते. काप चार इंची ग्राइंडरला एक मिलिमीटरची पातळ चकती लावून घेतात. पेट्रोलची टाकी बहुधा मागच्या सीटखाली, म्हणजे डब्यापासून जवळच असते. तिच्या आसपास ठिणग्या उडवण्यापेक्षा हॅकसॉने कापलेले बरे, वेळ लागला तरी. नळीत नळी घालून वेल्ड केलेल्या सांध्यात आतली नळी वाचवायची असेल, तर वेल्डची कड घासून काढावी, बाहेरच्या नळीला लांबीत चीर द्यावी आणि छिन्नीने ती उकलावी. टांगणीचे रबर साबणाच्या पाण्याने सुटतात. ऑक्सिजन सेन्सर (जळक्या वायूतला ऑक्सिजन मोजून इंजिनाच्या संगणकाला कळवणारा भाग) मात्र काम सुरू करण्यापूर्वीच काढून बाजूला ठेवावा.

नवा तुकडा मूळच्याच व्यासाचा घ्यावा. प्लंबरच्या दुकानातली जीआय नळी स्वस्त पडते, पण तिच्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळून जो पांढरा धूर निघतो, त्याने वेल्डरला त्याच रात्री थंडी वाजून ताप भरू शकतो. हा धोका कोणाच्याही माथी मारू नये. पुढची नळी मागच्या नळीत शिरेल असा सांधा करावा, म्हणजे वायूच्या वाटेत कड येत नाही. आधी चार ठिकाणी नुसते टाके मारावेत, रबर लावून एक्झॉस्ट टांगून पाहावा, तो कुठे घासत नाही याची खात्री झाल्यावरच पूर्ण वेल्ड फिरवावा. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने केलेले) सोयीचे. साध्या आर्कने तो पटकन जळतो. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून किंवा इलेक्ट्रॉनिक भागांतून वाट काढतो. विणीची लवचीक नळी फाटल्यास तिला ठिगळ लागत नाही. ती बदलावीच लागते.

कन्व्हर्टर चोंदला की तो फोडून रिकामा करण्याचा किंवा त्याजागी सरळ नळी जोडण्याचा सल्ला काही गॅरेजांत दिला जातो. तो ऐकू नये. त्यातले प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम विषारी कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर करतात. ते काढले की गाडीमागून स्कूटरवर येणाऱ्याच्या नाकात तो वायू जातो. सायलेन्सर असलाच पाहिजे, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० सांगतो.

काम झाल्यावर गार इंजिन सुरू करून सांध्यांवर साबणाचे पाणी सोडावे आणि मदतनिसाने मागच्या टोकावर जाड ओले फडके क्षणभर दाबावे. कुठे गळती असेल तिथे बुडबुडे येतात. सेन्सरच्या आधीची, इंजिनाकडची बारीक गळतीही महागात पडते : बाहेरची हवा आत ओढली जाते, इंजिनाचा संगणक पेट्रोल कमी पडते असे समजून ते वाढवतो, आणि मायलेज उतरते. केबिनखालची गळती त्याहून वाईट, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि पावसात काचा बंदच असतात. बुडबुडे थांबले की सांधा कोरडा करून तारेच्या ब्रशने घासावा व उष्णतारोधक रंगाचे दोन हात द्यावेत, वेल्डच्या लगतच्या त्या बोटभर पट्टीसकट.