एका केबलीचे दोन पडदे: व्हिडिओ स्प्लिटर आणि स्विच यांची पार्श्वभूमी

संगणकाला दुसरा मॉनिटर जोडण्यासाठी एचडीएमआय स्प्लिटर विकत आणणाऱ्यांची बहुधा एकच तक्रार असते, ती म्हणजे दोन्ही पडद्यांवर तेच चित्र दिसते. यात उपकरणाचा दोष नसतो. स्प्लिटर एका चित्राच्या प्रती काढतो, स्विच अनेक संगणकांपैकी एकाला मॉनिटरशी जोडतो, आणि दोन पडद्यांवर दोन वेगळी चित्रे हवी असतील तर ती मुळात संगणकातच तयार व्हावी लागतात. एवढी साधी गोष्ट खरेदीच्या वेळी निसटते, याचे कारण ही उपकरणे ज्या काळात रुजली त्या काळाच्या सवयींमध्ये आहे.

आयबीएमने 1987 मध्ये पीएस/2 या संगणकमालिकेबरोबर व्हीजीए हे मॉनिटरला चित्र पाठवण्याचे मानक आणले. त्याच्या 15 पिनांच्या जोडणीतून लाल, हिरवा आणि निळा असे तीन ॲनालॉग संकेत वाहत. प्रत्येकाचा कमाल विद्युतदाब 0.7 व्होल्ट असे आणि मॉनिटरच्या टोकाला 75 ओहमचा रोध असे. अशा संकेताला दुसरी वाट काढून देणे अगदी सोपे होते. इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची स्वस्त केबल लावली की दोन मॉनिटर एकदम उजळत. मात्र दोन 75 ओहमचे रोध समांतर जोडले गेले की त्यांचा एकत्रित भार 37.5 ओहम होतो, मॉनिटरपर्यंत 0.7 ऐवजी सुमारे 0.47 व्होल्टच पोहोचतात, आणि चित्र मंद दिसते. केबल लांब असेल तर अक्षरांच्या कडेला सावलीही पडते. म्हणूनच संकेताला नवे बळ देऊन प्रत्येक फाट्यावर पूर्ण दाबाने पाठवणारे, स्वतंत्र वीजपुरवठ्याचे स्प्लिटर आले. ‘सिग्नल वाटता येतो’ ही समजूत या काळात पक्की झाली, आणि त्या काळापुरती ती बरोबरही होती.

स्विचची कथा निराळी आहे. एकाच टेबलावरून दोन-तीन संगणक हाताळणाऱ्यांसाठी सुरुवातीला गोल खटक्याची पत्र्याची पेटी असे; खटका फिरवला की तारांचा संपर्क बदले. अडचण चित्राची नव्हती, कीबोर्डची होती. जो संगणक त्या क्षणी जोडलेला नसे तो सुरू होताना कीबोर्ड शोधी, तो न सापडल्याने थांबे, आणि कीबोर्ड सापडत नाही म्हणून कीबोर्डवरचीच एफ1 कळ दाबण्याची सूचना देई. (संगणकाच्या इतिहासातील अनवधानाने घडलेल्या विनोदांत याचा क्रमांक वरचा लागावा.) सर्व्हरच्या खोल्यांमध्ये तर एकेका मांडणीत अनेक यंत्रे असत. त्यामुळे प्रत्येक संगणकाला आपला कीबोर्ड आणि माउस सतत जोडलेला आहे असे भासवणारे इलेक्ट्रॉनिक स्विच तयार झाले. त्यांनाच आपण केव्हीएम (कीबोर्ड, व्हिडिओ, माउस) स्विच म्हणतो. चांगला स्विच म्हणजे नुसता संपर्क बदलणारा नव्हे, तर संपर्क तुटलेला संगणकाला कळू न देणारा, ही कसोटी तेव्हापासूनची आहे.

चित्राच्या बाबतीत हीच कसोटी थोड्या उशिरा आली. मॉनिटर कोणती रिझोल्यूशन दाखवू शकतो हे संगणकाला आपोआप समजावे म्हणून व्हेसा या संस्थेने 1994 मध्ये ईडीआयडी ही माहितीची रचना ठरवली. मुळात अवघ्या 128 बाइटची ही नोंद मॉनिटर आपल्या पोटात बाळगतो आणि संगणक ती वाचून घेतो. इथेच ‘वाय’ केबलीचा काळ खऱ्या अर्थाने संपला. कारण दोन मॉनिटर एकाच तारेवर, एकाच पत्त्यावरून, एकदम उत्तर देऊ लागले की संगणकाच्या हाती विश्वासार्ह काहीच लागत नाही. स्प्लिटरला मग निवाडा करावा लागतो. सभागृहात 1024 बाय 768 चा जुना प्रोजेक्टर आणि शेजारी फुल एचडी मॉनिटर जोडला, तर पुष्कळ स्प्लिटर दोघांनाही झेपेल ते, म्हणजे प्रोजेक्टरचेच, रिझोल्यूशन मागतात आणि चांगला मॉनिटर धूसर दिसू लागतो. ज्या स्प्लिटरवर ईडीआयडी निवडण्याची बारीक बटणे असतात, त्याचे थोडे जास्त पैसे मोजावेत असे माझे मत आहे.

1999 मध्ये डीव्हीआय ही मॉनिटरची डिजिटल जोडणी आणि 2002 च्या डिसेंबरात एचडीएमआयचे पहिले मानक आले, आणि संवाद आणखी वाढला. चित्रपटांच्या नकला रोखण्यासाठी एचडीसीपी हे कुलूप बसवले गेले. साखळीतील प्रत्येक उपकरणाने आपली ओळख पटवली नाही तर पडदा काळा राहतो, आणि 4के चित्रपटांना बहुधा या कुलपाची 2.2 ही आवृत्ती लागते. वेगाचेही तसेच आहे. 2009 च्या एचडीएमआय 1.4 मध्ये 4के चित्र सेकंदाला 30 वेळाच पाठवता येई, 60 ची सोय 2013 च्या 2.0 मध्ये झाली. पण खोक्यावर दोन्हींच्या बाबतीत ‘4के’ एवढेच ठळक छापलेले आढळते. माउसचा बाण अडखळत सरकू लागतो तेव्हा हा फरक कळतो.

वेगवेगळी चित्रे दाखवण्याची सोय मात्र या सगळ्याला समांतर वाढत गेली. ॲपलच्या मॅकिंटॉश 2 या संगणकात 1987 पासूनच एकाहून अधिक ग्राफिक्स कार्डे बसत. विंडोजमध्ये ही सोय विंडोज 98 पासून आली. मॅट्रॉक्स या कॅनडाच्या कंपनीने 2005 मध्ये एक हुशार तडजोड बाजारात आणली. तिची पेटी संगणकाला एकच अतिरुंद मॉनिटर असल्याचे सांगे आणि आलेले चित्र मधोमध कापून दोन पडद्यांना देई. या पेटीमुळे ‘स्प्लिटरने डेस्कटॉप वाढतो’ हा समज बळावला असल्यास नवल नाही. डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर-जोडणीच्या 2010 मधील 1.2 आवृत्तीने हे काम मानकातच आणले: एकाच केबलीतून अनेक स्वतंत्र प्रवाह पाठवण्याच्या या पद्धतीला एमएसटी म्हणतात आणि तिचा हब दिसायला स्प्लिटरसारखाच असतो. 1920 बाय 1200 चे चार पडदे त्यावर चालू शकतात, अर्थात संगणकाची तयारी असेल तर. विंडोजची असते, मॅकओएस मात्र एमएसटी हबवर दोन पडदे स्वतंत्रपणे वाढवत नाही, दोन्हींवर एकच चित्र देते.

2020 च्या एम1 चिपच्या मॅकबुकवर तर बाहेरचा एकच पडदा मिळतो, आणि कोणताही स्प्लिटर ती मर्यादा ओलांडू शकत नाही. तिथे डिस्प्लेलिंकसारखी वाट उरते, ज्यात संगणकावरील सॉफ्टवेअर चित्र आकुंचित करून साध्या माहितीप्रमाणे यूएसबीवरून पाठवते. पत्रव्यवहार आणि हिशेबाच्या कामाला ते पुरते. वेगवान खेळांना आणि व्हिडिओ संपादनाला ते घेऊ नये.