छोट्या धंद्यापर्यंत सीआरएम पोचलं कसं?

सीआरएम (कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट), म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी आणि पाठपुरावा सांभाळणारं सॉफ्टवेअर, म्हणून आज जे विकलं जातं, त्याची सुरुवात एकट्यादुकट्या सेल्समनच्या सोयीसाठी झाली. १९८७ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये पॅट सलिव्हन आणि माइक मुहनी यांनी ‘अ‍ॅक्ट’ नावाचं सॉफ्टवेअर काढलं. साध्या पीसीवर ते चालायचं. पडद्यावर एका गिऱ्हाइकाचं एक पान: नाव, फोन नंबर, मागच्या खेपेला काय बोलणं झालं, पुढचा फोन कधी करायचा. ती तारीख उगवली की आठवण समोर यायची. माझ्या मते छोट्या धंद्याला सीआरएमकडून जे हवं असतं, त्यातलं बहुतेक सगळं या एका पानात आलं.

पुढे हे हत्यार मोठ्यांच्या हातात गेलं. १९९३ मध्ये टॉम सीबेल आणि पॅट्रिशिया हाउस यांनी सीबेल सिस्टिम्स काढली आणि शेकडो विक्रेते असलेल्या कंपन्यांना समोर ठेवून माल बनवला. आपला सर्व्हर, डेटाबेसचा परवाना, बसवून देणारे सल्लागार, मग महिनोन्‌महिने चालणारं काम. सेल्समनला काय आठवायला हवं यापेक्षा साहेबाला कुठला रिपोर्ट हवा, याला महत्त्व आलं. पाच माणसांच्या दुकानाने तिकडे बघायचंही कारण नव्हतं.

१९९९ मध्ये मार्क बेनिऑफ आणि त्याच्या साथीदारांनी सॅन फ्रान्सिस्कोत सेल्सफोर्स सुरू केलं आणि विकत घेण्याऐवजी भाडं भरायची पद्धत रुळवली. ब्राउझर उघडा, लॉगिन करा, माणशी महिन्याला ५० डॉलर द्या. सर्व्हरचा खर्च टळला, पण तेव्हाच्या दराने ही रक्कम सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास जायची, आणि तीही एका माणसामागे. सांगली-कोल्हापूरच्या एखाद्या वर्कशॉपला ती झेपणारी नव्हती.

खरी स्वस्ताई आली ती दोन वाटांनी, आणि दोन्ही वाटा चेन्नईवरून जातात. २००४ मध्ये अमेरिकेत शुगरसीआरएम आलं. त्याचा सोर्स कोड खुला होता, म्हणजे तो कोणीही घेऊन आपल्या सोयीने बदलू शकत होतं. त्याच वर्षी तो कोड घेऊन चेन्नईत व्हीटायगर उभं राहिलं. ज्याला थोडंफार पीएचपी (वेबसाइट बनवायची प्रोग्रॅमिंग भाषा) येतं असा ओळखीतला मुलगा होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, ते चढवून देऊ शकत होता. परवान्याचा खर्च शून्य, मात्र बॅकअप, अपडेट, बिघाड सगळं आपल्या गळ्यात. शुगरने पुढे खुल्या आवृत्तीतून अंग काढून घेतलं. स्कॉटलंडच्या सेल्सअ‍ॅजिलिटीने २०१३ मध्ये त्याच कोडवरून काढलेलं स्वीटसीआरएम मात्र आजही फुकट मिळतं.

दुसरी वाट श्रीधर वेंबू यांच्या अ‍ॅडव्हेंटनेटची, म्हणजे आजच्या झोहोची. १९९६ पासून नेटवर्क सांभाळणारी सॉफ्टवेअर विकणाऱ्या या कंपनीने २००५ मध्ये झोहो सीआरएम आणलं. बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा नाही, इंजिनीअर चेन्नईत, शिवाय बारावी-डिप्लोमा झालेल्या मुलांना स्वतः शिकवून कामावर घेण्याची शाळाही त्याच सुमारास सुरू केलेली. त्यामुळे किंमत खाली ठेवणं त्यांना परवडत होतं. तीन माणसांपर्यंत फुकट ही त्यांची सवलत छोट्या धंद्यासाठी मोठी होती, कारण मालक, एक विक्रेता आणि ऑफिस सांभाळणारी ताई एवढाच अनेकांचा पसारा असतो. झोहोतूनच बाहेर पडलेल्या गिरीश मातृभूतम यांनी २०१० मध्ये ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारं फ्रेशडेस्क काढलं, २०१४ मध्ये अमेरिकेच्या हबस्पॉटनेही फुकट सीआरएम दिलं, आणि स्पर्धा लागली.

आपल्याकडे हिशेबासाठी टॅली कधीच रुळली होती, पण गिऱ्हाइकांचा पाठपुरावा वहीतच होता. वॉटर प्युरिफायरची सर्व्हिस करणाऱ्याच्या रजिस्टरात नाव, पत्ता, कँडल कधी बदलली आणि पुढची सर्व्हिस कधी, एवढं असतंच. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि हे रजिस्टर मोबाइलमध्ये गेलं. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसने चॅटला ‘नवीन ग्राहक’, ‘पेमेंट बाकी’ अशी लेबलं लावायची सोय दिली. लाखो दुकानदारांचं पहिलं सीआरएम तेच, मग ते त्याला काही का म्हणेनात. अडचण येते ती पोरगा नोकरी सोडून जातो तेव्हा. नंबर त्याच्या फोनमध्ये, बोलणं त्याच्या चॅटमध्ये. अनेक मालक सीआरएमची चौकशी करायला लागतात ते हा फटका बसल्यावरच.

माणशी भाड्याचा गुंता अजून सुटलेला नाही. चारचे आठ विक्रेते झाले की बिल दुप्पट होतं, म्हणून एकाच लॉगिनवर तिघं काम करतात आणि कोण काय बोललं ते कळेनासं होतं. पुण्याच्या कायलासने माणशी पैसे न घेता सगळ्या टीमला मिळून एकच भाडं ठेवलं, ते याच दुखण्यावर. फुकटच्या योजना धंदा मोठा होत नाही तोवर बऱ्या. पण त्या घेण्याआधी आपली सगळी यादी, जुन्या नोंदींसकट, एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का, ते पहिल्याच दिवशी करून बघावं.