जलवाहिनी-प्रक्षालन

जलवाहिनी-प्रक्षालन : पिण्याच्या पाण्याच्या वितरणनळांत साचलेला गाळ, गंज व जिवाणूंचा बुळबुळीत थर वेगवान प्रवाहाने बाहेर काढण्याची क्रिया. व्हॉल्व्हमनच्या बोलीत ‘लाइन धुणे’ किंवा ‘वॉशआउट काढणे’.

मराठवाड्यात वाहत्या पाण्यातल्या गाळाचा प्रश्न जुनाच. छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीचे औरंगाबाद) नहर-ए-अंबरी ही जुनी जलवाहिनी मलिक अंबरच्या काळातली, बहुधा १६१० नंतरच्या दशकातली मानतात. तिच्या मार्गावरील मनोऱ्यांच्या प्रयोजनाविषयी एकमत नाही. ते दाब तोडण्यासाठी होते, कोंडलेली हवा सोडण्यासाठी होते किंवा गाळ खाली बसवण्यासाठी होते, असे तीन तर्क आढळतात. पाणी मनोऱ्यात वर चढून पुन्हा खाली उतरे. ही रचना पाहता हवा आणि दाब हेच मूळ कारण आणि गाळ बसणे हा आनुषंगिक लाभ असावा, हे मत अधिक पटते. संथ प्रवाहात गाळ एका जागी बसला की उपसता येतो. आजच्या बंद नळात मात्र तो ढकलूनच काढावा लागतो.

ढकलण्यासाठी वेग लागतो. सुटा गाळ हलवायला सेकंदाला सुमारे ०.७५ मीटर, तर चिकटलेला थर खरवडायला सुमारे १.५ मीटर वेग धरतात. १०० मिमी नळात १.५ मीटर वेगासाठी सेकंदाला सुमारे १२ लिटर प्रवाह हवा. घरची तोटी ०.२ लिटर देत असेल, तर त्या नळात वेग जेमतेम अडीच सेंटिमीटर पडतो. तोट्या उघड्या ठेवून लाइन धुतली जात नाही, ती यामुळे. ३०० मिमी नळाला त्याच वेगासाठी १०६ लिटर लागतात. एक लाख लिटरचा जलकुंभ त्यात पाव तासात रिकामा होतो. म्हणून मोठ्या वाहिन्या सखल जागीच्या स्कोअर व्हॉल्व्हवरून (गाळ बाहेर सोडण्याची झडप, म्हणजेच वॉशआउट) तुकड्या-तुकड्यानेच धुतात.

काम जलकुंभाकडून टोकाकडे, मोठ्या व्यासाकडून लहानाकडे करतात; उलट केल्यास धुतलेल्या भागात पुन्हा गाळ येतो. आधी गल्लीतल्या तोट्या बंद करायला सांगून, आजूबाजूचे स्लुस व्हॉल्व्ह (प्रवाह अडवणाऱ्या झडपा) मिटवून पाणी एकाच दिशेने आणतात. मिटवताना चावीचे आटे (फेरे) मोजून नोंदवावेत. अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह वेग खातो आणि पुढे महिनोन्‌महिने कमी दाबाची तक्रार देतो. वॉशआउट हळू उघडावा, त्याहून हळू मिटवावा. झटक्याने मिटवल्यास पाण्याचा धक्का बसून जुन्या सिमेंट किंवा बिडाच्या नळाचा जोड सुटतो. पांढऱ्या बादलीत पाणी नितळ दिसेपर्यंत आणि नळातले पाणी दोन-तीनदा बदलेपर्यंत वाहू देतात. १०० मिमीच्या ५०० मीटर लाइनमध्ये सुमारे ४ हजार लिटर पाणी मावते, म्हणजे खर्च ८ ते १२ हजार लिटर, जवळपास एक टँकर. ज्या भागात २०१६ साली लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा खर्च लोकांच्या डोळ्यांत खुपतो. शक्य तेथे ते पाणी झाडांना वळवावे.

संदर्भग्रंथांतील पद्धत अखंड दाब गृहीत धरते. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत दाब पाळीपुरताच असतो, म्हणून धुणेही पाळीच्या वेळेत बसवावे लागते. पाळी संपली की रिकामा नळ बाहेरचे घाण पाणी आत ओढतो. वॉशआउटचा चेंबर गटारात बुडालेला असेल, तर हाच व्हॉल्व्ह दूषणाचा दरवाजा ठरतो. त्याचे तोंड गटाराच्या पाण्यापासून वर, मोकळ्या हवेत सुटले पाहिजे. गळती न काढता केलेले प्रक्षालन दोन पाळ्याही टिकत नाही.

नवी किंवा दुरुस्त केलेली लाइन धुऊन झाल्यावर टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे द्रावण भरतात. लिटरला २५ मिग्रॅ क्लोरीन धरल्यास वरील ४ हजार लिटरांना १०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे २५ टक्के क्षमतेची ४०० ग्रॅम पावडर. उघडी पडलेली, ओलसर पावडर निम्मीही क्षमता राखत नाही. द्रावण २४ तास ठेवून काढतात; ते जनावरांच्या हौदात जाऊ नये. शेवटी टोकाच्या तोटीवर ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी घेऊन उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिग्रॅ आहे ना ते पाहतात आणि जिवाणू तपासणीसाठी नमुना पाठवतात.