एकाच भोकातून पाच गोळ्या

कागदावर पाच गोळ्या झाडायच्या आणि पाचांचं मिळून एकच फाटकं भोक पडायला हवं, हे अमेरिकेतल्या ‘व्हार्मिंट’ रायफलवाल्यांचं जुनं वेड. ‘व्हार्मिंट’ हे ‘व्हर्मिन’चं, म्हणजे उपद्रवी प्राणी या अर्थाच्या शब्दाचं, बोलीतलं रूप. शेताचे बांध पोखरणारे ग्राउंडहॉग आणि कुरणात वसाहती करून राहणारे प्रेअरी डॉग ही त्यातली नेहमीची नावं. प्रेअरी डॉग कुत्रा नव्हे, खारीच्या कुळातला किलोभर वजनाचा प्राणी. तो बिळाच्या तोंडाशी उभा राहिला की लक्ष्याची रुंदी जेमतेम तळहाताएवढी, आणि अंतर दोन-तीनशे मीटर. हरणासाठी पुरेशी असलेली बंदूक इथे कमी पडते. म्हणून जाड नळीची, बारीक आणि अतिवेगवान गोळीची, मोठी दुर्बीण लावलेली बोल्ट-ॲक्शन, म्हणजे बोल्ट नावाचा दांडा हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायची, रायफल हा वेगळाच प्रकार तयार झाला. या शिकारीचं बरंवाईट हा स्वतंत्र वाद आहे आणि तो मी इथे बाजूला ठेवतो. मला रस आहे तो या यंत्रात, कारण त्यात लाकूड, पोलाद आणि रसायनशास्त्र एका सेकंदाच्या हजाराव्या भागात एकमेकांशी भांडतात.

आधी अचूकता म्हणजे काय, ते नीट ठरवू. गोळ्या मध्यबिंदूपासून चार बोटं डावीकडे पडल्या, पण एकमेकींना चिकटून पडल्या, तर बंदूक उत्तम आहे. दुर्बिणीची चकती थोडी फिरवली की सगळा झुबका मध्यावर येतो. गोळ्या चहूकडे विखुरल्या, तर मात्र कोणतीही चकती कामाची नाही. म्हणून मोजायचा तो झुबका. नेमबाज त्याला ग्रुप म्हणतात. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर म्हणजे ग्रुपचा आकार. अंतर वाढलं की ग्रुपही पसरतो, म्हणून तो कोनात सांगतात. एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर होतो. १०० यार्डांवर तो एका इंचापेक्षा किंचित जास्त भरतो, आणि ‘आमची रायफल अर्ध्या इंचाची आहे’ या फुशारकीचा उगम तिथेच आहे.

अशी फुशारकी ऐकली की मी एकच प्रश्न विचारतो: किती गोळ्यांचा ग्रुप? गोळ्या यादृच्छिक विखुरतात असं धरलं, तर त्याच रायफलचा दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी जवळजवळ ६० टक्के मोठा येतो आणि पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा पावपट मोठा. बंदूक तीच, नेमबाज तोच, बदलला फक्त मोजण्याचा हिशेब. त्यातून तीन गोळ्यांचा ग्रुप फार लहरी. सरासरी एक इंच देणारी रायफल एखाद्या वेळी ०.६ आणि पुढच्याच वेळी १.४ इंच दाखवेल, आणि यात बिघाड काहीच नसेल. खिशात जपून ठेवलेला कागद अर्थात ०.६ इंचाचाच असतो! टेबलावर रायफल टेकवून झाडण्याच्या बेंचरेस्ट स्पर्धा म्हणूनच एका ग्रुपवर विसंबत नाहीत. तिथे पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप झाडून त्यांची सरासरी काढतात. या स्पर्धांतल्या वर्गांची नावंही ‘लाइट व्हार्मिंट’ आणि ‘हेवी व्हार्मिंट’ अशी आहेत. वजनाची मर्यादा अनुक्रमे १०.५ आणि १३.५ पौंड, म्हणजे सुमारे ४.८ आणि ६.१ किलो.

आता चाप ओढल्यावर काय होतं ते पाहू. .२२३ रेमिंग्टन हे या कामाचं नेहमीचं काडतूस. साडेतीन ग्रॅमची गोळी, मागे दीड ग्रॅमच्या आसपास दारू. आतला दाब हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींच्याही वर जातो. नळीतला प्रवास एका मिलिसेकंदात आटोपतो आणि तोंडातून बाहेर पडताना वेग सेकंदाला हजार मीटरच्या जवळ पोचतो. नळीतल्या पीळदार खोबणी गोळीला १२ इंचांत एक फेरा देत असतील, तर बाहेर पडलेली गोळी मिनिटाला सुमारे १,९५,००० फेरे घेत असते. तेवढ्यात चार किलोची रायफल मागे किती सरकली? अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. खांद्याला बसणारा धक्का नंतरचा. तो जाणवेपर्यंत गोळी केव्हाच गेलेली असते.

पण त्याच एका मिलिसेकंदात पोलादातली कंपनं सुमारे पाच मीटर धावतात, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या नळीतून चारदा पुढे-मागे जातात. एका टोकाला घट्ट धरलेली नळी छडीसारखी थरथरते. नळीचं तोंड ०.१७ मिलिमीटर बाजूला कललं, म्हणजे माणसाच्या दोन-तीन केसांच्या जाडीइतकं, तरी पूर्ण एक मिनिटाची चूक होते. थरथर थांबवणं अशक्य आहे. प्रत्येक गोळीला तीच थरथर मिळवणं शक्य आहे, आणि या रायफलची सगळी रचना त्यासाठीच आहे. जाड नळीचं रहस्यही हेच. दांड्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे नळी ३० टक्के जाड केली की ती जवळजवळ तिप्पट ताठर होते. जाड नळी तापायलाही वेळ घेते. प्रेअरी डॉगच्या वसाहतीत एका दिवसात शेकडो फैरी झडतात, तिथे हा फायदा मोठा.

बोल्टचा हिशेबही असाच. बोल्ट फिरवून खाली दाबला की त्याचे कान आपल्या खाचांत बसतात आणि काडतुसाची मागची बाजू दरवेळी त्याच जागी अडते. गोळी नळीत असताना ठोकणाऱ्या पिनेखेरीज आतला कुठलाच भाग सरकत नाही. स्वयंचलित बंदुकीत तेव्हाच वायू, दट्ट्या, स्प्रिंग यांचा गोंधळ सुरू होऊ शकतो.

मग दस्त्याचं, म्हणजे नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला लागतो त्या भागाचं, काम काय? मॅसॅच्युसेट्समधले डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी या प्रश्नाचं टोकाचं उत्तर दिलं: दस्ता काढूनच टाका. अनेक दशकं प्रयोग करून १९०९ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष छापले. काँक्रीटच्या खांबावर बसवलेल्या ‘व्ही’ आकाराच्या खाचेत ते नुसती नळी ठेवत, म्हणजे माणूस आणि लाकूड दोन्ही हिशेबातून वजा. त्यांनी मुद्दाम विद्रूप केलेल्या गोळ्याही झाडल्या. टोक चेपलं तर फारसं बिघडत नाही, बुडाला इजा झाली तर मात्र गोळी भरकटते, असं त्यांना दिसलं. ही गोष्ट लक्षात असू द्या, नळी साफ करताना ती पुन्हा येणार आहे.

खांद्याला लावायच्या रायफलला दस्ता लागतोच. तेव्हा चांगला दस्ता तो, जो असून नसल्यासारखा वागतो. अक्रोडाचं लाकूड देखणं खरं, पण ते हवेतली ओल पितं आणि रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं. ओलाव्यात चार-पाच टक्क्यांचा फरक पडला की चार सेंटिमीटर रुंदीचं लाकूड ०.४ मिलिमीटरने बदलू शकतं. वरच्या ०.१७ मिलिमीटरशी हे ताडून पाहा. दस्त्याचा पुढचा भाग नळीला टेकत असेल, तर पावसाळी दिवसाचा नेम आणि कोरड्या दिवसाचा नेम वेगळा पडतो आणि बिचारा मालक दुर्बिणीला दोष देतो. उपाय सोपा: नळी कशालाच टेकू द्यायची नाही. मागे यंत्रणेपाशी, म्हणजे बोल्ट बसतो त्या पोलादी भागापाशी, पक्की धरायची आणि पुढे अधांतरी सोडायची. तपासायला कागदाची पट्टी पुरते. नळी आणि लाकूड यांच्या फटीतून ती न अडकता मागपर्यंत सरकली पाहिजे. पण इथेच थांबू नका. पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवा, वरून नेहमीचा भार द्या आणि पट्टी पुन्हा ओढा. साच्यात ओतलेले स्वस्त प्लॅस्टिकचे दस्ते या परीक्षेत हमखास नापास होतात, कारण ते पिशवीवर वाकून नळीला भिडतात. पावसापाण्याला न जुमानणारं प्लॅस्टिक ताठर असतंच असं नाही. फायबरग्लासचे दस्ते दोन्ही कसोट्यांना उतरतात, पण महाग पडतात. पातळ लाकडी पापुद्रे राळेत चिकटवून केलेला लॅमिनेट दस्ता मला मधला चांगला मार्ग वाटतो. तो जड असतो, पण जमिनीवर आडवं पडून झाडायच्या रायफलला वजन दोष नाही, गुण आहे.

मागची पकड हे खरं कौशल्याचं काम. यंत्रणेखाली एक आडवा पोलादी ठोकळा असतो, आणि धक्का दस्त्यात उतरतो तो त्याच्यामार्फत. त्याची खाच सैल असेल तर प्रत्येक फैरीनंतर यंत्रणा दस्त्यात नव्या जागी बसते. म्हणून खाचेत इपॉक्सी भरून यंत्रणेचा हुबेहूब ठसा घेतात. याला बेडिंग म्हणतात. स्क्रूभोवती ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवल्या की आवळताना लाकूड चेपत नाही. चाचणी हातानेच करता येते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती उभी धरा, एक बोट नळी आणि दस्त्याच्या फटीवर ठेवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू ढिला करा. बोटाखाली नळी उसळल्यासारखी जाणवली, तर स्क्रू यंत्रणेला वाकवून धरत होता.

दस्त्याचा आकारही उगाच तसा नसतो. पुढचा भाग रुंद आणि तळाला सपाट, म्हणजे तो पिशवीवर डुलत नाही. गाल टेकवायची कड उंच, म्हणजे डोळा दरवेळी दुर्बिणीच्या मध्यावर येतो. मागच्या तळाचा उतार मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. तो तिरका असेल, तर रायफल मागे सरकताना दस्ता पिशवीवर खाली उतरतो आणि तोंड वर उचललं जातं. तळ सपाट असेल तर रायफल रुळावरून जावी तशी सरळ मागे येते. अंगठ्यासाठी भोक, कोरीव नक्षी वगैरे ज्याच्या त्याच्या आवडीचं.

आता सफाई. माझं मत आधीच सांगतो: घाणीने जितक्या नळ्या बिघडतात, त्यापेक्षा वाईट सफाईने जास्त बिघडत असाव्यात. डॉक्टर मान यांच्या गोळीचं बूड आठवा. गोळी बाहेर पडते त्या क्षणी तिच्या बुडामागचा वायू चहूबाजूंनी सारखा सुटला पाहिजे. नळीच्या तोंडाच्या कडेला एका बाजूने ओरखडा असेल तर वायू तिथून आधी निसटतो आणि बुडाला कडेने ढकलतो. तो ओरखडा बहुधा आपल्याच सफाईच्या गजाचा असतो. बोल्ट-ॲक्शनचा इथे मोठा फायदा आहे. बोल्ट सबंध निघतो, त्यामुळे गज मागून, मार्गदर्शक नळकांड्यातून, सरळ घालता येतो. एकसंध, आवरण असलेला गज घ्यावा. तीन तुकडे जोडायचा गज वाकतो, आणि त्याच्या जोडांची कड नळीला घासते.

नळीत दोन प्रकारचा मळ साठतो. एक दारूचा कार्बन, दुसरा गोळीच्या आवरणाचं तांबं. ते आवरण साधारण ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त असतं. जुन्या भिंतीवरच्या रंगासारखे हे थर एकमेकांवर चढत जातात, आणि एकावर चालणारं औषध दुसऱ्यावर चालत नाही. अमोनिया असलेलं द्रावण हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तांबं विरघळवतं आणि गर्द निळं संयुग बनतं. कापडाची चिंधी निळी आली की तांबं अजून आहे असं समजायचं. इथे एक फसगत ठरलेली: गजाच्या टोकाला पितळी जोड असेल तर द्रावण त्या पितळातलंच तांबं खातं आणि स्वच्छ नळीतूनही चिंधी निळीच येत राहते. कार्बनवर अमोनियाचा इलाज नाही. त्याला वेगळं द्रावण आणि काशाचा ब्रश लागतो. द्रावण नळीत रात्रभर ठेवायचा मोह टाळावा, ते शेवटी धातूवर चालणारं रसायन आहे.

जुन्या काळी सफाईची घाई रास्त होती. त्या वेळच्या प्रायमरमधल्या, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या टोपीतल्या, पोटॅशियम क्लोरेटचं जळून पोटॅशियम क्लोराइड व्हायचं. हे मिठासारखंच क्षार, हवेतलं पाणी ओढून नळीला एका रात्रीत गंज चढवणारं. तेलाने ते निघत नाही, पाण्याने निघतं, म्हणून जुने सैनिक नळीत गरम पाणी ओतत. आजच्या प्रायमरमध्ये सहसा ते नसतं, पण रोज घासायची सवय पिढीजात उतरली आहे.

लखलखीत नळी नेहमीच अचूक असते असंही नाही. सफाईनंतर उरलेल्या तेलाच्या पातळ थरामुळे पहिली गोळी बहुधा वेगळ्याच जागी पडते. नळी पुन्हा थोडी ‘मळल्या’शिवाय ग्रुप जमत नाही. म्हणून झाडण्याआधी कोरडी चिंधी फिरवायची आणि किती फैरींनी नळी स्थिरावते ते मोजायचं. किती फैरींनंतर साफ करायचं याचा एकच आकडा सगळ्यांना लागू नाही. ग्रुप पसरू लागला की वेळ झाली. आणि घासूनही ग्रुप सुधारला नाही, तर दोष मळाचा नसतो. काडतुसाच्या पुढचा नळीचा घसा प्रत्येक फैरीच्या ज्वाळेने जळत जातो, आणि त्यावर सुकलेल्या चिखलासारख्या भेगा पडतात. १९३५ साली आलेलं .२२० स्विफ्ट हे काडतूस सेकंदाला १२०० मीटरच्या पुढे जात असे, आणि नळ्या जाळण्याची कीर्तीही त्याने तेवढ्याच झपाट्याने मिळवली.

नव्या रायफलची परीक्षा घेताना एक कागद वेगळा राखावा. प्रत्येक वेळी मैदानावर गेल्यावर थंड नळीतून पहिली गोळी त्या कागदावर झाडायची, तारीख टाकायची आणि कागद घडी करून ठेवून द्यायचा. पाच खेपांनंतर त्यावर पाच भोकं होतात. हा ग्रुप नेहमीच्या ग्रुपपेक्षा मोठा निघतो आणि कोणी तो मित्रांना दाखवत नाही. पण बिळाबाहेर उभा असलेला प्राणी दुसऱ्या गोळीची वाट पाहत थांबत नसतो.